पठारावरचे पंखे

बाई, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. येत्या रविवारी मला पुन्हा आपल्या गावात बोलायला बोलावलं आहे. पठारावरच्या जुन्या पवनचक्क्या काढून तिथं त्याहून उंच बसवायच्या आहेत, जमिनीचे करार नव्यानं व्हायचे आहेत, आणि मी उभा राहिलो तर कंपनीला घाम फुटेल असं गावाला वाटतं. निरोप घेऊन आलेला माणूस माझ्याच वर्गातला, तुमच्याच हाताखाली शिकलेला. सांगलीच्या माझ्या घरात चहाची बशी हातात धरून तो म्हणाला, "गड्या, ते पंख्याचं भाषण कर बघ. तसलं पुन्यांदा कुणी केलं न्हाई." मी हो म्हणालो. त्याला गाडीवर बसवून आलो आणि कागद पुढे ओढला, तर एक ओळ सुचेना. मला शब्दांची वानवा कधी पडली नाही, हे तुम्हालाच सगळ्यांत जास्त माहीत. म्हणून भाषण बाजूला ठेवून तुम्हाला लिहायला बसलो आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. साताऱ्याहून पठारावर जाणाऱ्या घाटातून लांबलचक ट्रक चढायला लागले. त्यांच्यावर पांढरी पाती आडवी बांधलेली असायची, आणि वळणावर पातं झाडांत अडकलं की अख्खी एसटी खाली उतरून बघत उभी राहायची. सरकारी कागदावर त्यांचं नाव पवनचक्की. गावानं पहिल्याच दिवशी त्यांना पंखे म्हणायला सुरुवात केली. तुम्हाला हा शब्द फार खुपायचा. शाळेच्या मैदानावर पर्जन्यमापकाजवळ उभ्या राहून तुम्ही पोरांना सांगायचात, पंखा वारा देतो, चक्की वारा घेते. एकाला वीज लागते, दुसरी वीज करते. पोरं मान डोलवायची आणि दुपारच्या सुट्टीत "चला, पंखे बघायला" म्हणून पळायची. तुम्ही निवृत्त होऊन साताऱ्यात राहायला गेल्या होतात, तरी पावसाळ्यात पहिल्या एसटीनं येऊन सकाळी साडेआठला त्या मापकातलं पाणी मोजायचात. नव्या सरांना ते काम नको होतं.

मी तेव्हा सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात होतो आणि कामगारांच्या सभा गाजवत होतो. वीज गेली की वर्कशॉपची शटरं अर्धी ओढली जायची, माणसं रस्त्याकडेला मोटारसायकलींवर बसून राहायची, आणि मी एका उलट्या ड्रमवर चढून विचारायचो, "सरकार कुणाचं? ज्याच्याकडे वीज आहे त्याचं!" दर पंधरवड्याला पंख्यांविरुद्ध माणसं जमवायला गावी जाताना साताऱ्यात उतरून मी तुमच्या स्वयंपाकघरात जेवायचो. तुम्ही जमिनीवर बसून भाकरी थापताय, मी उंबऱ्याला टेकून बोलतोय, आणि तुमचं लक्ष तव्याकडे आहे असं मला वाटतंय. मग एकाएकी तुम्ही विचारता, "शनिवारी वीज मागतोस, रविवारी वीज अडवतोस. सोमवारी काय करतोस रं?"

"सोमवारी वाचतो, बाई."

"बरं करतोस. मंगळवारी विसरत जाऊ नकोस."

मी म्हणायचो, वीज ही सरकारनंच केली पाहिजे, ती विकायची वस्तू नव्हे. तुम्ही म्हणायचात, सरकारनंच धरण बांधलं, माझ्या मावशीचं घर त्यात गेलं आणि दिवे लांबच्या शहरात लागले. तरी, तुम्ही पुढे जोडायचात, सरकारनंच करावी असं मलाही वाटतं, कारण सरकारला निदान अर्ज तरी लिहिता येतो. मग लगेच तुमचा पुढचा प्रश्न यायचा. या चक्क्या बांधणाऱ्यांना सरकारनं कर सोडलाय, म्हणजे त्यात लोकांचाच पैसा आहे, मग या खासगी कशा? सरकार बाजूला झालं म्हणून तू चिडतोयस, की मध्ये आलं म्हणून? मी आवाज चढवला. तुम्ही कुठंतरी वाचलं होतं की कोळसा जाळून पृथ्वी तापत चालली आहे, आणि कोळशापेक्षा वारा बरा. मी म्हणालो, "तापू दे पृथ्वी, आधी आमच्या घरात दिवा लागू दे!" सभेत या वाक्याला टाळ्या पडायच्या. तुम्ही फक्त भाकरी उलटलीत. "मला यातलं पुरतं कळत नाही," तुम्ही म्हणालात, "आणि कळत नाही हे मी वर्गात सांगते. तू स्टेजवर सांगत नाहीस. एवढाच आपल्यात फरक." आज वाटतं, माझ्यावर इतकं नेमकं बोट कुणीच ठेवलं नाही.

मग ती सभा. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. देवळापुढच्या पारावर माईक होता. कंपनीनं माळाच्या जमिनी कवडीमोलानं घेतल्या, सह्या कशावर करतोय हे कुणाला नीट सांगितलं नाही, आणि डोक्यावर वीज तयार होत असताना गावात अंधार होता. हे सगळं मी बोललो आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. लोक ऐकत होते, पण गार होते. तेव्हा मी हात वर करून म्हणालो, "पंखा काय करतो? वारा घालतो! आणि वारा घातल्यावर ढग थांबेल का? तुमचा पाऊस यांनी पळवलाय!" सगळा पार उठून उभा राहिला. एवढी मोठी आरोळी मी त्याआधी ऐकली नव्हती, त्यानंतरही नाही.

आणि बायकांच्या बाजूनं तुम्ही उभ्या राहिलात. हातात मापकाच्या रोजच्या नोंदींची, पावसाची वही होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लोकांना म्हणालात, "या चक्क्या पठारावर नव्हत्या तेव्हाही पाऊस हुकलेली सालं आहेत यात. कुणीही येऊन बघा. कंपनीशी भांडा, मीही येते, पण पावसाचं खोटं आहे." मागून कुणीतरी ओरडलं, "आवं बाई, वहीत पाऊस पडतो व्हय?" लोक हसले. मीही हसलो, बाई. माईक पुढ्यात होता, त्यामुळे माझं हसू सगळ्या गावाला ऐकू गेलं. मग दुसरा आवाज आला, शांत, "तुमी खाली बसा. तुमचं काय रान गेलंय का? रान असायला लागतंय." तुमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि तुमच्या घराला पठारावर वीतभर जमीन नव्हती. ते वाक्य कुठून आलं आणि कुठे लागलं, हे पारावरच्या प्रत्येकाला कळलं. तुम्ही मला विचारलंत, "तू सांग. पंखा की चक्की?" मी म्हणालो, "लोकांना विचारा, बाई." तुम्ही वही मिटलीत आणि खाली बसलात.

पुढच्या खेपेला मी साताऱ्यात उतरलो नाही. त्यापुढच्याही नाही. शेवटी तुम्हीच सांगलीला भाचीकडे आलात तेव्हा मला बोलावणं धाडलंत. मी शिव्या खायच्या तयारीनं आलो होतो. तुम्ही म्हणालात, "तुझा राग नाही रं. लोकांच्या तोंडात होतं तेच तू बोललास. त्या पारावरची निम्मी माणसं माझी विद्यार्थी होती. वारा म्हणजे काय, एवढं मला त्यांना शिकवता आलं नाही, तर मी केलं काय इतकी वर्षं?" मी खाली मान घालून बसलो. माझा पश्चात्ताप तुम्हाला दिसला असेल. तुम्ही पाठीवरून हात फिरवलात. त्यानंतर दोन वर्षांत तुम्ही गेलात. शेवटच्या आजारातही तुम्ही भाचीला म्हणत होतात की वाऱ्याचा धडा पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं घ्यायला हवा होता.

आता रविवारी काय बोलू? कंपनीच्या विरुद्ध उभं राहायला पाहिजे, यात मला आजही शंका नाही. पण सरकारनं यावं म्हणू, की जावं म्हणू? परवा पेपरात पुराचे फोटो बघितले, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात टँकर बघितले. तुमचं ते पृथ्वी तापण्याचं बोलणं आता शाळेतली पोरंही बोलतात. मग चक्क्या हव्यात की नकोत? हव्या असतील तर कुणाच्या? इतकं वाचलं, कपाटं भरली, आणि उंबऱ्याला टेकून बसलो होतो तेव्हा जिथं होतो तिथंच आहे. फरक एवढाच की आता आवाज चढवता येत नाही. कळत नाही असं सांगायला उभा राहिलो, तर त्यासाठी गाडी पाठवून मला कुणी नेत नाही.

पण एक गोष्ट मला कळते, आणि तिच्यात सरकार नाही, कंपनी नाही. लोकांच्या तोंडात फक्त पंखा होता. ढग नव्हते. दुसऱ्या गावांत कुणी बोललं असेल तर मला ठाऊक नाही. आपल्या गावात त्या दिवसापर्यंत कुणीही म्हणालं नव्हतं की पंखे पाऊस पळवतात. ते मला जीपमधून घाट चढताना सुचलं. सुचल्यावर मी ते दोनदा पुटपुटून बघितलं, कुठे थांबायचं ते ठरवलं, आणि आवडलं म्हणून ठेवलं. तुमच्या विद्यार्थ्यांना वारा चांगला समजला होता, बाई. तो एकानं उलटा शिकवला, माईकवरून, पाच मिनिटांत. तुम्ही स्वतःला दोष देत होतात त्या दुपारी हे एक वाक्य मला बोलायचं होतं, आणि मी तुमच्या हाताखाली पाठ देऊन बसलो, कारण बरं वाटत होतं.

तुम्हाला आज सांगून टाकलं, कारण तुम्ही उभ्या राहून काही विचारणार नाही. रविवारी पार भरलेला असेल. तिथं हे सांगेन, असं लिहायला दोनदा पेन टेकवलं आणि दोनदा उचललं.