पारव्याला चार हिसके

चैत्र वद्य ३, शके १८६१

पुन्हा शिटले! बियाण्याच्या कणगीवर घातलेलं गोणपाट पांढरं करून ठेवलं मेल्या पारव्यांनी. मधल्या घरात तुळईवर ओळीनं बसतात, बापाचं घर असल्यासारखे. खाली कणगी. तिच्यातल्या ज्वारीला मी सुनेलासुद्धा हात लावू देत नाही आणि हे वरून खुशाल उतरतात.

कणगीला लागून म्हाताऱ्याची खाट. त्याच्या पांघरुणावरही पडतं. झटकत नाही. होळीनंतर डावं अंग गेलं तेव्हापासून भिंतीकडे तोंड. थोडं बोलता येतं, पण बोलायचं नाही! शहाद्याचा डॉक्टर सांगून गेला — उठून बसले पाहिजेत, असेच पडून राहिले तर छाती भरेल, पाऊस बघणार नाहीत.

मी रोज ओरडते, उठा. पन्नास वर्षांच्या संसारात ऐकलं नाही, आता काय ऐकतोय.

चैत्र वद्य ५

आमचा मुलगा हिलाल सुरतेला कापूस घालून आला. येताना पारव्यांसाठी हवेची बंदूक! सून गजराबाई फणफणली, "मी माळ सांगेल व्हती, बंदूक उनी!"

दारू नको, काही नको. नळीखाली एक दांडा आहे, सायकलीत हवा भरतात तसा मागेपुढे करायचा. जितके हिसके तितका जोर. शिशाच्या छर्र्यांच्या दोन डब्या — एकीत टोकदार, एकीत चपट्या तोंडाचे. आमचे चिरंजीव म्हणाले, टोकदारच भारी. दहा हिसके मारले. फट्! पारवा राहिला बाजूला, कौल फुटलं. ऊन सरळ कणगीवर. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या, त्यात माझेही सासरे आले, येऊ देत.

तेवढ्यात खाटेवरून घरघर. वाटलं, गेला! बघते तर हसतोय. वाकड्या तोंडानं, पण हसतोय.

चैत्र वद्य ६

म्हातारा उठून बसला! कोणी बसवला नाही. उजव्या कोपरावर रेटा देऊन आपणच वर आला आणि हिलालला म्हणाला, "तू कवलं मारस. आन इकडे."

पाठीला शेंगांचं पोतं लावलं. उजवा हात धड आहे, पण नळी एका हातानं पेलेना. मग मी पुढ्यात पाठ करून बसले. नळी माझ्या खांद्यावर. "हालू नको." नाही हालले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं असेल.

दांडा मारायला दोन हात लागतात, म्हणून तेही मीच. तीन हिसके मारले. पारव्याची पिसं उडाली आणि तो लंगडत तुळईवर सरकला. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. "अर्धं मारनं पाप शे. चार दे." चार दिले. पडला. एकदम, दगडासारखा.

चैत्र वद्य ९

टोकदार छर्र्यांची डबी त्यानं मला आत ठेवायला लावली. अंगठ्यानं एकेक छर्रा चाचपून बघतो. टोकदार पारव्यातून आरपार जाऊन कौलाला लागतो, चपटा आतच राहतो. जवळच्या तुळईला चार हिसके, आढ्याजवळच्या तुळईला पाच. त्यापुढे एकही मारू देत नाही.

आणि पारव्यामागे लाकूड दिसेपर्यंत मारत नाही! मी म्हणते, अहो मारा, उडेल. तो थांबतो. पारवा मान हलवतो, दोन पावलं सरकतो, मागे सागाचा खांब येतो, तेव्हाच फट्. हिलालनं फोडलं त्यानंतर एक कौल गेलेलं नाही. हाच माणूस बाजारात वांगी निवडताना उभा राहत नसे, पुढचं टोपलं तसंच उचलून आणायचा. किडकी! हा धीर इतकी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. बघत राहावं असा बसतो.

चैत्र वद्य ११

पडलेले पारवे आमशा खायला नेतो. आमचा सालदार, मोलगीकडचा. आज दारातून म्हणाला, "आबा, काल एकच होता. घरी पोरं भांडली."

"तुन्हा पोरेसनी पंगत मांडू का आते?" म्हातारा म्हणाला.

पण दोन पाडले.

आखाजी, वैशाख शुद्ध ३

लेकी आल्या. बापाला पोत्याशिवाय बसलेला बघून रडल्या. मी म्हटलं, रडायचं तर बाहेर, पारवे उडतात. म्हाताऱ्यानं दोन वाट्या आमरस खाल्ला, अंगावर न सांडता.

शेजारची तुळशीबाई दारात उभी राहून सांगत होती, "पाप लागी वं माय, मुका जीव शे."

"तुन्हा पीठमा हागतील तवय पुण्य सांगजो!" मी सुनावलं. गेली.

वैशाख शुद्ध ९

शेवटचा पडला. आढ्याजवळचा, पाच हिसके. हिलालनं वळचणीच्या फटीत गोणपाट कोंबलं, फुटलेलं कौल बदललं, तुळया धुतल्या. घर कसं लख्ख! बंदूक खुंटीला.

वैशाख शुद्ध ११

भिंतीकडे तोंड.

वैशाख शुद्ध १२

जेवला नाही. गजराबाईनं भाकरी दुधात कुस्करून दिली, मान फिरवली. मी अंगणातली खापरी दोरीनं तुळईला टांगली. म्हटलं, घ्या, हिच्यावर नेम धरा. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"खापरीले काय मारनं! खापरी काय ज्वारी खास?"

बरोबर आहे त्याचं, खापरी ज्वारी खात नाही. मलाच राग आला, खापरी उकिरड्यावर टाकली.

वैशाख शुद्ध १३

आज घरघर ऐकली. हसण्याची नव्हती. हिलाल म्हणतो, डॉक्टरला आणतो. आण. डॉक्टर काय सांगायचं ते सांगून गेलाय.

तुळई रिकामी. स्वच्छ घर मला आवडत नाही असं नाही. आज नाही आवडलं.

वैशाख पौर्णिमा

सगळे शेतात गेल्यावर शिडी लावली. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, मी त्यांना दिल्या. वळचणीतलं गोणपाट ओढून काढलं. मग कणगीतली मूठभर ज्वारी तुळईवर पसरली. बियाण्याचीच.

खाली उतरले. म्हातारा कोपरावर उठून बघत होता.

"हिलालनी माय," म्हणाला, "चपटा घाल. चार."