शेप्याची गाठ

प्रिय ऋतुजाताई,

आपल्या शेप्या आंब्याचं कलम जगलं. आज सकाळी आमच्या वनस्पतीशास्त्र विभागाच्या उमादेवी मॅडमनी कलमावरच्या प्लास्टिकच्या पिशवीला जवळजवळ नाक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "महारुद्र, धरलं बरं का!" काडीच्या टोकाला तांबूस पालवी आहे, करंगळीच्या नखाएवढी.

रस्ता रुंद करताना पालमच्या शेतातलं आपलं झाड गेलं, तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "आता तिकडं माझं काय राहिलं?" आबा गेल्यावरही दर वैशाखात पूर्ण्याहून रेल्वेनं तुझी आंब्याची पाटी सिकंदराबादला यायची, बडीशेपेच्या वासानं डबा भरून. यंदा राखी पोस्टानं आली. तू नाही आलीस. झाड पाडायच्या आदल्या दिवशी मी कलमासाठी काड्या कापून विद्यापीठात आणल्या होत्या. तुला बोललो नाही, कारण जगतील याचा भरवसा नव्हता.

तू शिकलीस ते आवार आता ओळखणार नाहीस. सगळ्या आवाराचंच वनस्पती उद्यान होतंय. वसतिगृहातलं आंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून निथळून झाडांना जातं. पाला जाळायला बंदी आहे, त्याचं खत होतं. ज्या हिरवळीवरून शिपाई तुम्हा मुलींना हाकलायचा, तिथं गावरान आंबे लागणार आहेत. आमच्या विभागातले राजेश्वर सर आधी कुरकुरले, "लॉन काढून हे काय रान वाढवायलाव?" आता पाहुणा आला की तेच त्याला फुलपाखरं दाखवत हिंडतात.

आणि आईचा पराक्रम ऐक. मी बैठकीत असताना ती कलमं बघायला आली. प्रत्येक काडीवर पिशवी! "लेकरांचा जीव गुदमरायलाय की," म्हणत तिनं एकेक पिशवी सोडली, हळदकुंकू वाहिलं आणि समाधानानं घरी गेली. ओल गेली, काड्या वाळल्या. आईला दोन दिवस जेवण गेलं नाही. एकच काडी वाचली, कारण तिची गाठ आईला सुटली नाही. बाकीच्या गाठी मॅडमची विद्यार्थिनी भक्ती हिनं बांधलेल्या, नीटनेटक्या. ही माझी. आठवतं? माझ्या दप्तराच्या नाडीत तू केसांतला आकडा घालून बसायचीस आणि म्हणायचीस, "महारुद्रा, ही गाठ हाय का घोरपड?" आता आई गावभर सांगते, "माझ्या पोराला लय वाईट गाठ बांधता येती, म्हणून झाड वाचलं."

पालवी वाढली की पिशवी काढावी लागते. मॅडमनी येता रविवार ठरवलाय. कात्रीनं क्षणात काम होईल, मलाही कळतं. पण मी सगळ्यांना बजावलंय, ही गाठ सोडणारं माणूस सिकंदराबादला असतं, ते येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. शनिवारच्या गाडीनं निघ. आकडा घेऊन ये. पुढच्या पावसाळ्यात हे कलम त्या हिरवळीच्या जागी लागेल, आणि मॅडमच्या अंदाजानं चार-पाच वर्षांत तुझी पाटी पुन्हा सुरू होईल.

तुझाच, घोरपडी बांधणारा,
महारुद्र