एकेचाळीस रिकाम्या जागा

कांदिवली,
रविवार दुपार

प्रिय नेत्रा,

ज्याच्याकडे सगळं आहे, त्याला आणखी आमचं मत कशाला पाहिजे? तुझ्या आईने एप्रिलमध्ये भर सभेत हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते मी मोठ्या तोऱ्यात दिलंही होतं. आज तिने परत विचारलं तर मला सांगता येणार नाही. गेले तीन आठवडे मी तोच विचार करतेय.

एवढं लांबलचक पत्र बघून तू म्हणशील, हिला झालं काय, फोन बिघडला की काय. फोन चांगला आहे. पण मेसेज पाठवून पुसता येतो ना, आणि मला माझा भरवसा वाटत नाही. तुला काही सांगायला म्हणून मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. कागद एकदा पेटीत टाकला की परत काढता येत नाही, म्हणून कागद.

त्या सभेचं तुला सगळं आठवत असेलच, तरी माझ्या बाजूने सांगते. मढला तुमच्या खळ्यावर बोंबील वाळत होते, बांबूंच्या रांगाच्या रांगा भरलेल्या, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात ताडपत्रीखाली तुम्ही सगळ्या बसला होतात. प्रचाराला देवेश शेठ आले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, खुर्ची बाजूला सारून खाली मांडी घालून बसले. तुझ्या काकीने दिलेली जवळ्याची चटणी आणि भाकरी त्यांनी हाताने खाल्ली, तेव्हा माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू. एवढा मोठा माणूस, हॉटेलं, शीतगृहं, अंधेरीत बावीस मजल्यांचं ऑफिस, आणि बघा कसा बसलाय. तेवढ्यात तुझी आई मागून म्हणाली, “ज्याचेकरं सगला हाय, त्याला आमचा मत कशाला पायजे गो?” सगळ्या हसल्या. कोणीतरी म्हणालं, “अंजने, गप ऱ्हा, चाय तरी येऊं दे आधी.” शेठही हसले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. मावशी, म्हटलं, ज्याचं पोट भरलंय तो खात नाही. आजवर रिकाम्या पोटाची माणसं निवडून दिली, म्हणून ती खात सुटली. तुझी आई क्षणभरही थांबली नाही. “पोट भरलेला मानूस आमचे दारान जेवाला कशाला आला मंग?” पुन्हा हशा. मीसुद्धा हसले. मला वाटलं, मावशी मजा करतेय.

मी ते वाक्य पाठ करून म्हटलं नव्हतं, नेत्रा. माझा त्यावर विश्वास होता. आमचे आजोबा गिरणीत होते, ती बंद झाल्यावर घरात शिक्षणाचा विषयच संपला. मी कॉलेजात जायचं ठरवलं तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाबांना पाच खेपा घालाव्या लागल्या, आणि पाचव्या खेपेला टेबलापलीकडच्या माणसाने पाकीट कुठे ठेवायचं ते डोळ्यांनी दाखवलं. त्या दिवशीचा बाबांचा चेहरा मी विसरलेले नाही. आणि त्याच बाबांना शेठच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट चालवताना शेठ रोज नावाने हाक मारायचे. काय सहदेव, लेक काय शिकते? माझी शेवटच्या दोन वर्षांची फी शेठच्या खडपकर प्रतिष्ठानने भरली. पदवी हातात पडल्यावर नोकरीही तिथेच मिळाली. पाकीट न मागणारा पहिला मोठा माणूस मी बघितला तो हा. मग तो निवडणुकीला उभा राहिला, तर मी दुसऱ्या कोणासाठी दारोदार फिरणार होते?

तू मात्र माझ्यासाठी फिरलीस. शेवटच्या वर्षाला मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू कॉलेज सोडून मासळीची टोपली घेतलीस, तेव्हा मी तुला नोट्स आणून देईन म्हणाले होते. दोनदा आणल्या. तू कधी टोमणा मारला नाहीस. उलट मे महिन्याच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून पूर्ण गावात शेठच्या चिठ्ठ्या वाटल्यास. मी थँक्यू म्हटलं तर म्हणालीस, “तू बोललीस म्हणून हां. नाहीतर त्या पांढऱ्या शर्टाला मी ओळखत पण नाय.” निकाल लागला तेव्हा तुमच्या गावातली जवळजवळ सगळी मतं त्याला पडलेली होती. प्रतिष्ठानच्या ऑफिसात पेढे वाटले. जान्हवी मॅडम, आमच्या प्रमुख, सगळ्यांसमोर म्हणाल्या, मढचं श्रेय रुचिराचं. मी तो पेढा खाल्ला.

नोव्हेंबरात तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर कलेक्टरची नोटीस लागली आणि तू मला तिचा फोटो पाठवलास. खळ्याची जमीन ‘वापरात नसलेली व मोकळी’ असल्याने तिथे धक्का आणि पर्यटन निवास बांधण्यासाठी देण्याचा विचार आहे, हरकती असल्यास कळवा. सोबत नकाशा. त्यात जागांचे चौकोन आणि त्यांतले एकेचाळीस पांढरे. खाली तू लिहिलं होतंस, “कोणत्या आंधळ्याने हा नकाशा काढला गं? बोंबलाच्या वासाने नाक फुटतं तिथे, आणि म्हणे रिकामी. वाट लागली यार आमची.” मी उत्तर दिलं, “ऑफिसमधल्या कोणीतरी काढला असेल. बघते मी.”

तो आंधळा मी आहे, नेत्रा. तो नकाशा माझा आहे.

निवडणुकीच्या आदल्या वर्षी जुलैमध्ये मी तुमच्याकडे आठवडाभर येत होते ते तुला माहीत आहे, पण तू तेव्हा मावशीच्या बरोबर हॉस्पिटलच्या खेपांत होतीस, मी नक्की काय करतेय ते तू विचारलं नाहीस. प्रतिष्ठानची पाहणी होती. कोळी बायकांच्या वाळवणाच्या जागा सासूकडून सुनेकडे नुसत्या शब्दावर जातात, एकीजवळही कागद नाही, तर आपण आधी नोंद करू आणि मग सरकारकडून कागद मिळवून देऊ, असं मॅडमनी सांगितलं होतं. मला ती कल्पना एवढी आवडली की मी रविवारीसुद्धा आले. फोन घेऊन खळ्यावर फिरायचं, प्रत्येक जागेचा फोटो काढायचा, आणि दोन पर्यायांपैकी एक निवडायचा. वापरात. रिकामी. तिसरा पर्याय नव्हता.

जुलै महिना, नेत्रा. होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवलेल्या, मासेमारी बंद, बांबू सोडून घराच्या भिंतींना लावलेले. खळ्यावर गुडघाभर गवत आणि प्रत्येकीच्या जागेच्या कोपऱ्यात एकच खुंट, त्याला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. मी मालवणी घरातली मुलगी, बोंबील खाऊन मोठी झाले, पण तो वाळतो कधी आणि खळं उघडं पडतं कधी, हे मला माहीत नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खरं नाही. तिसऱ्या दिवशी तुझी आई काठी टेकत खळ्यापर्यंत आली होती. म्हणाली, “आता काय मोजतंस गो पोरी? नारली पुनव होऊं दे, मंग ये. तवा बग कनाची जागा खाली हाय ती.” चिंधीचा अर्थही तिनेच सांगितला. जिची चिंधी तिची जागा, चार महिने कोणी पाय ठेवत नाही. मी हसून म्हटलं, मावशी, एकतीस तारखेच्या आत द्यायचं आहे. आणि एकेचाळीस वेळा ‘रिकामी’वर बोट ठेवलं. खाली शेऱ्याचा रकाना होता, त्यात ‘पावसामुळे बांबू काढलेले, खुंट व चिंधी आहे’ असं दर वेळी लिहिलं, आणि माझं काम प्रामाणिकपणे झालं असं समजले. पुढे ज्याने तक्ता बनवला त्याने तो रकाना गाळला. पण बोट माझं होतं, आणि मावशीने थांब म्हटल्यानंतरचं होतं.

नोटीस वाचल्यावर मी अर्जाची प्रत मिळवली. जागा मागणारा अर्ज खडपकर हॉटेल्सचा आहे. त्याला जोडलेलं शिफारशीचं पत्र खासदार देवेश खडपकर यांचं आहे. दोन्ही कागदांखाली एकच सही आहे, एकाच पेनाने केल्यासारखी. मी त्या दोन सह्या शेजारी शेजारी ठेवून किती वेळ बघत बसले माहीत नाही.

मग मी शेठना भेटले. तुला वाटेल तसे ते चिडले नाहीत. चहा मागवला, बाबांची चौकशी केली. मी म्हटलं, सर, पाहणी चुकीच्या महिन्यात झाली, त्या जागा रिकाम्या नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “पाहणी तूच केलीस ना? मग चुकीची कशी?” पुढे म्हणाले, बायकांना हॉटेलात नोकऱ्या देऊ, गणवेश देऊ, उन्हात बसायची कटकट संपेल, त्या ओसाड पट्ट्याचं सोनं होईल, मी स्वतःसाठी एक पैसा घेतोय का सांग. आणि खरंच, नेत्रा, मला सांगता येईना. त्याने कोणाकडे पाकीट मागितलं नव्हतं. तो खाणार नाही हे मी छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि तसं बघितलं तर तो खातही नव्हता. त्याला खळं दिसतं तेव्हा पडून असलेली जमीन दिसते, तुम्ही दिसता तेव्हा गणवेश नसलेल्या बायका दिसतात, आणि त्यात आपण काही वाईट करतोय असं त्याला मनापासून वाटत नाही. मागणाराही तोच आणि देणाराही तोच, मग मध्ये पाकिटाची गरजच काय? मी दाखल्यासाठी पाच खेपा घालायला लावणाऱ्या कारकुनाला घाबरत राहिले. हा माणूस मला ओळखूच आला नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी काय केलं? तुझे फोन घेतले. तू म्हणायचीस, “तुझ्या ओळखीने त्या नकाशावाल्याचं नाव काढ ना,” आणि मी हो हो म्हणायचे. एकदा तू म्हणालीस की मावशी जेवत नाही, दिवसभर खळ्यावर आपल्या जागेत बसून असते, कोणी मोजायला आलं तर बसलेली दिसली पाहिजे म्हणून. तरी मी बोलले नाही. नोकरीची भीती होती, नाही म्हणणार नाही. बाबांची त्याहून जास्त. बाबांना निवृत्तीला दोन वर्षं आहेत आणि ते रोज त्याच माणसाला वर नेतात आणि खाली आणतात. पण सगळ्यात मोठी भीती तुझी होती. तू मला कधी काही म्हटलेलं नाहीस, आणि आता म्हणशील, आणि ते बरोबर असेल.

बुधवारी मी बाबांना सांगितलं. ते गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होते. सगळं ऐकून घेतलं, कॉलर उलटी करून परत इस्त्री फिरवली. मग म्हणाले, “माका वाटला होता, शेठ लिफ्टीत माझा नाव घेतत म्हणजे माका ओळखतत.” बाही पसरून तिच्यावर इस्त्री फिरवत म्हणाले, “कोणाचा तरी चुलीवरचा काढून घेऊन माझी नोकरी टिकूची असात, तर ती माका नको. तू जा चेडवा.” आणि शर्ट खुंटीला लावला.

तर आता हे पत्र का, ते सांगते. तुमच्या हरकतीच्या सुनावणीची तारीख येत्या गुरुवारी आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर माझं नाव वाचलं जाईल, आणि ते तू आधी माझ्याकडून ऐकावंस, भर खोलीत मावशीशेजारी बसून नव्हे. शुक्रवारी सकाळी मी प्रतिष्ठानला राजीनामा दिला आणि तिथून थेट वांद्र्याला कलेक्टर कचेरीत गेले. प्रतिज्ञापत्र दिलं. ही पाहणी मी केली, मासेमारी बंद असताना केली, अंजनाबाईंनी थांबायला सांगितलेलं असताना केली, आणि एकेचाळीसपैकी एकही जागा रिकामी नव्हती. सोबत माझ्या फोनमधले मूळ फोटो जोडले, तारखेसकट, गाळलेल्या शेऱ्यासकट. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात ती चिंधी दिसते. सतराव्या फोटोतली मावशीची आहे, हिरवी, काठाची. कारकुनाने विचारलं, “एवढं स्वतःविरुद्ध कोण लिहितं? नीट वाचलंत ना?” मी वाचलं होतं. मी त्याच्यासमोर प्रत्येक पानावर सही केली आणि पोच घेऊन बाहेर आले.

तुझीच, निदान मी तरी तसंच लिहिणार,
रुचिरा