विमान कमानीबाहेर, चालक विमानाबरोबर

प्रति,
मा. संचालक,
विमान संग्रहालय.

विषय : सेवानिवृत्त प्रवासी विमान मिळाल्याची पोच मिळणेबाबत, आणि ते न जमल्यास खाली लिहिल्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे सहा अर्ज. (सहावा परत आला. त्यावर चहाचा डाग होता, म्हणजे वाचला असावा असे धरून चालतो.)

महोदय,

मी अवजड ट्रेलरचा चालक असून, आपल्या संग्रहालयासाठीचे विमान, पंख व शेपूट सोडवलेले, आपल्या फाटकापर्यंत सुखरूप आणले आहे. त्यास आज त्र्याहत्तर दिवस झाले. माझी मुलगी एकोणसत्तर दिवसांची आहे. मी तिला अद्याप पाहिलेले नाही.

विमानाच्या स्वागतासाठी आपण नवी कमान बांधलीत, ती विमानाची उंची मोजून. खालच्या ट्रेलरची उंची कोणी धरलीच नाही. विमान स्वतःच्या पायांनी येणार होते की काय, देव जाणे! कमान तोडावी, तर उद्घाटन झालेले बांधकाम वर्षभर तोडता येत नाही. विमान बाहेरच उतरवावे, तर रस्ता आपल्या हद्दीत नाही. क्रेनची फाईल फिरते आहे. शेवटी आपल्या अभियंतासाहेबांनी टायरमधली हवा सोडण्याची युक्ती काढली. अठ्ठेचाळीस टायरांची हवा मी एकट्याने सोडली. विमान चार बोटे खाली बसले आणि ओझ्याखाली टायर चिरले. आता ट्रेलर पुढेही जात नाही आणि मागेही.

आमच्या धंद्यात पोचपावतीवर सही झाल्याशिवाय चालकाने माल सोडायचा नसतो. अठरा वर्षांत मी सोडलेला नाही. आपले कार्यालय म्हणते, माल आत आलेला नाही, सही कशी करू? माझे मालक म्हणतात, माल पोचला, बदली चालक कशाला पाठवू? बायको फोनवर विचारते, विमान तुम्ही नेलंत की विमानानं तुम्हाला? साहेब, तिला काय उत्तर देऊ?

गेल्या सोमवारी आपल्या कर्मचाऱ्यांनी विमानाला क्रमांक चिकटवला, नोंदवहीत 'ट्रेलरसह' असे लिहिले व भोवती दोरी बांधली. तेव्हापासून शाळेच्या सहली येतात आणि मी दाढी करतो ते पाहतात. माहिती सांगणाऱ्या बाईंनी मुलांना सांगितले की हे या विमानाचे शेवटचे वैमानिक. खुलासा करण्याचे त्राण मला उरलेले नाही.

तरी कमान, क्रेन, टायर यांबद्दल मी आता काहीच मागत नाही. थकलो. येत्या रविवारी पत्नी मुलीला घेऊन बसने येत आहे. आपला पहारेकरी दोरीच्या आत कोणाला सोडत नाही, आणि माल सोडून मी दोरीबाहेर जाऊ शकत नाही. परवा माझ्या मेव्हण्याने डबा दोरीवरून दिला. डबा तसा घेता येतो. एवढे लहान मूल मी दोरीवरून घेणार नाही. कृपया दोघींना आत येण्याची लेखी परवानगी द्यावी, अर्धा तास पुरे.

आपल्या दाराशी तिष्ठत असलेला,
(सही)
ट्रेलरचालक

दिनांक : फाटकाबाहेरचा त्र्याहत्तरावा दिवस

सोबत :
१) पोचपावती, कोरी.
२) पत्नीच्या ओळखपत्राची प्रत. मुलीचे ओळखपत्र अजून नाही. ती माझी आहे, हे पहारेकऱ्याने तिच्या आईच्या शब्दावर मानावे. मलाही तिला तसेच ओळखायचे आहे.