बाबागाडीमागची पावलं

आई,

बेकरीत आज पहाटेची पाळी आहे, म्हणून तुला न उठवता निघतेय. इत्सेलचं दूध फ्रिजमध्ये आहे.

क्लिनिकनं पावलं मोजायला दिलेलं घड्याळ तू आज परत करणार म्हणालीस. तमाले करताना तू दिवसभर मक्याचं पीठ मळलंस, घड्याळाला ते चालणं वाटलं, पावलांचा तो आकडा फोनवर क्लिनिकच्या चालण्याच्या गटात झळकला आणि तिथल्या बायकांनी एकच गिल्ला केला, "दोन्या अंपारो, वाघीण आहात!" तेव्हापासून तुझं पालुपद सुरू आहे, "फुकटची शाबासकी मला पचत नाही. चर्चमध्ये तोंड कसं दाखवू?"

मग हेही ऐक. इत्सेलची बाबागाडी ढकलत तू रोज चर्चपर्यंत जाऊन येतेस, त्यातलं एक पाऊलही घड्याळानं धरलेलं नाही. हात दांड्यावर स्थिर असतात ना, त्याला वाटतं तू बसून आहेस! काल तुझ्यासोबत आले तेव्हा मी नीट पाहिलं. चढावर मला धाप लागली आणि तू मागे वळून म्हणालीस, "चल गं, म्हातारे!" साखरेपायी चायो मावशीचा पाय कापावा लागला, तेव्हापासून मला तुझ्या साखरेची धास्ती होती. काल त्या चढावर ती पहिल्यांदा विसरले.

पट्टा पायाला पुरावा म्हणून त्याला माझं केसांचं रबर जोडलंय. घड्याळ हाताला नको, घोट्याला बांध. गटातल्या बायका सकाळी बागेपाशी जमतील. तमाल्यांचं खरं काय ते सांगून टाक, पोट धरून हसतील.

मी गटात आधीच लिहून टाकलंय, "आज चढावर माझी आई पुढे असेल. दम असेल तर गाठा."

तुझी,
येसेनिया