त्रेचाळीस लव्हाळे

आणि ताई, घरी असताना परसातली एक काडी मी कधी उपटली नाही, हे तू मागच्या तिन्ही पत्रांत लिहिलंस, चौथ्यात लिहू नकोस. इथे मी दिवसभर तेच करतो. आधी नमस्कार (वाकूनच केलाय, पाठ आता सरळ होत नाही). तुझा गुडघा कसा आहे? बाबांचा खोकला आणि माझ्यावरचा राग, दोन्ही उतरले का? नोकरी गेली तर मुकाट्याने घरी येऊन काकांच्या गिरणीत बसायचं, हे त्यांचं वाक्य मला तोंडपाठ आहे. काल ते जवळजवळ खरं झालं.

झालं असं, की मी कामाला आहे त्या पाणथळीत एक परकं गवत घुसलंय. ते उपटायचं आणि त्याच जागी लव्हाळा लावायचा. म्हणजे गवत काढून गवतच लावायचं (मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच सांगितलं). जे माजलंय ते शत्रू, जे मरायला टेकलंय ते आपलं. हा न्याय आपल्या घरी असता तर दादा कधीच उपटला गेला असता आणि माझी मनधरणी झाली असती. कोवळेपणी दोन्ही दिसतात सारखीच, म्हणून मुकादमबाईंनी खूण सांगितली: काडी बोटांत फिरवायची, तीन कोन लागले तर ठेवायची, गोल लागली तर काढायची. मी महिनाभर इमानदारीने फिरवली. सगळ्या गोल. माझ्या वाफ्यात आधीच लावलेला लव्हाळा गेला तरी कुठे, हेच मला कळेना, पण मोठ्यांना कशाला विचारा.

काल बाईंनी माझा वाफा मोजला. साठ रोपं लावलेली, सतरा उरलेली, तीही मी तिथवर पोचलो नव्हतो म्हणून. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हात दाखव." दाखवले. "अरे बाबा, हे बोटभर जाड रबरी मोजे घालून कोन लागतील कसे?" मी म्हटलं, पाणी गार असतं हो. त्या म्हणाल्या, "एवढा स्वच्छ वाफा अख्ख्या पाणथळीत नाही." ही शाबासकी की टोमणा, अजून ठरलं नाही. आणखी महिनाभर कामावर ठेवलंय, उघड्या हातांनी. रोपांचे पैसे पगारातून.

तुझा,
धाकटा

ता. क. लोकरीचे हातमोजे विणशील का? बोटांची टोकं उघडी ठेव.

ता. ता. क. बाबांना रोपांचं सांगू नकोस, पैसे कमी का म्हणाले तर लोकर महागली म्हण. पाठवतोय: एकशे बारा रुपये.