फळ्याचा खालचा अर्धा भाग

रवि. १७ मे ९८
सकाळी पहिल्या एस.टी.नं पेपर आले. वाचनालयाबाहेरचा फळा लिहिला. वर बातम्या, मध्ये माझं रविवारचं टिपण, खाली नाव : सुनंदा कांबळे. विषय : वाचनालयात बायका का येत नाहीत.
संध्याकाळपर्यंत फळ्याचा खालचा अर्धा भाग भरला. तो भाग गावाचा. खडू दोरीला टांगलेला, ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहावं. आजचे शेरे : ‘बाई, आधी चूल पेटवा, मग ज्ञान पाजळा.’ ‘लगीन कवा?’ ‘सरकारी खडू, सरकारी अक्कल.’ शेवटच्याखाली सही, ‘एक हितचिंतक’.
असे हितचिंतक असले की वैऱ्यांची गरज नाही.

सोम. १८ मे
ओल्या फडक्यानं शेरे पुसले, रोजच्यासारखे. आबा म्हणतात, “पुसायचं नि फुडं व्हायाचं.” आबांचं बरं आहे, पलटणीत बावीस वर्षं काढली. मला ते जमत नाही. पुसण्याआधी वाचतेच. शाळेच्या कोपऱ्यावर आल्यापासून मान उंच करून बघते, आज खाली किती पांढरं झालंय. पोटात आग पडते. आईला सांगितलंय, मिरचीनं होतं. आई बिचारी महिनाभर बिनतिखटाची आमटी करतेय, आबा कुरकुरत खातात.
एकदा, फार मागे, कुणीतरी नुसतं ‘बरोबर’ लिहिलं होतं. ते दोन दिवस पुसलं नव्हतं.

गुरु. २१ मे
मोठी गंमत. आज खालच्या भागात माझ्याबद्दल एक अक्षर नाही. एवढंच : ‘सुभेदार, रमचा कोटा यंदा कुणाला इकला?’
सुभेदार तात्या म्हणजे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त, म्हणून मिलिटरी कँटीनची रम मिळते. मिशी पीळदार, ऊस भरपूर, राग नाकावर. फळ्यापुढे उभे राहून त्यांनी ते तीनदा वाचलं. मी फडकं घेऊन धावले तर म्हणाले, “थांब. गावाला वाचू दे. मग बघतो एकेकाला.”

शनि. २३ मे
बघितलं. कोरेगावहून पेंटर आणला आणि फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला पिवळा ऑइलपेंट. त्यावर खडू चालत नाही. दोरी कापली, खडू माझ्या हातात दिला.
“आजपासनं शेरं बंद. ज्याला मत द्यायचंय त्यानं आत यावं, खुर्चीवर बसावं, नाव सांगावं आणि बोलावं.”
माझ्यावर वर्षभर लिहिलं जात होतं तेव्हा ‘लोकशाही हाय पोरी, कातडं जाड कर’ असं होतं. रमचा विषय निघाला आणि लोकशाहीला दोन दिवसांत रंग लागला. आपला तो बाब्या.
पण खोटं कशाला बोलू. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. सुंठीवाचून खोकला गेला.

रवि. २४ मे
टिपण लिहिलं. विषय साधाच, उन्हाळ्यात पाण्याचे रांजण. मागे सरून पाहिलं. खाली पिवळं धमक, कोरं. दिवसभर आत बसून मासिकांवर शिक्के मारले, एकदाही बाहेर डोकावले नाही. संध्याकाळी दीड भाकरी आणि झणझणीत ठेचा खाल्ला. आई बघतच राहिली. “मिरचीनं आग पडती म्हणायचीस ना?”
“पडायची,” म्हटलं.

बुध. २७ मे
गावात बोंबाबोंब. चहाच्या टपरीवर फक्त हाच विषय. कालपर्यंत जे फळ्यापाशी तंबाखू मळत उभे असायचे त्यांच्या हातांना कामच उरलेलं नाही. एक म्हणाला, “आता वाचून काय उपेग? बोलायलाच मिळत न्हाई तर वाचायचं कशाला?” दुसरा, “फळा गावाचा का सुभेदाराचा?” तिसरा, “बाईंनीच कान भरलं असतील.”
मी? मी तात्यांचे कान भरणार? तात्यांच्या कानात त्यांच्या बायकोचंही काही जात नाही.
चौघांनी मिळून अर्ज दिला. तात्या म्हणाले, सह्या करा. अर्ज परत नेला, अजून आणलेला नाही.

रवि. ७ जून
पंधरा दिवसांत मत द्यायला आत आलेली माणसं : शून्य. खुर्ची पुसून ठेवते रोज.
शेऱ्यांना मात्र नवे पत्ते मिळालेत. एस.टी. थांब्याच्या भिंतीवर, दूध डेअरीच्या दारावर, एका उसाच्या ट्रॉलीच्या फळीवर : ‘फळा मोकळा करा’. करा बापडे. माझ्या नावाखाली नाही ना, झालं.
झोप लागते. तोंडावर मांस आलं असं शेजारची काकू म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा टिपण लिहिताना हा काय म्हणेल नि तो काय म्हणेल असा विचार आला नाही. हात मोकळा चालतो. असं वाटतं की मी आत्ता कुठे लिहायला लागले.

बुध. १७ जून
एक गोष्ट इथेच लिहिते, कुणाला सांगायची सोय नाही. आज फळा लिहून झाल्यावर शाळेच्या कोपऱ्यावरून मागे वळून बघितलं. खाली काही नाही हे ठाऊक असून. खाज म्हणतात ती हीच.
‘बरोबर’ म्हणणारा तेवढा एकटा कुठं गेला असेल?

गुरु. २ जुलै
बेंदूर मंगळवारी, आमच्याकडचा बैलपोळाच. आमच्या आळीत बैलजोडी एकच, चुलत्याची, म्हणजे नानाकाकांची. काका आतापासून शिंगं घासत बसलेत. आबांना ते पटत नाही. “छप्पन साली समदं सोडलं आपुन. बेंदूर आपला न्हवं.” काकांचं उत्तर ठरलेलं : “माजा न्हवं, बैलाचा हाय. बैलाला कुटं धर्म असतोय?” मग दोघं एकाच पानाच्या डब्यातून पान खातात.
दर वर्षी मिरवणूक सगळ्या गावातून फिरते. आमच्या आळीच्या तोंडाशी लिंबाचं झाड आहे. तिथून वळते. काका आपली जोडी घेऊन लिंबाखाली उभे राहतात आणि सगळे वळले की शेपटाला लागतात. लहानपणापासून बघतेय. यंदा ते लिहिण्याजोगं वाटतंय.
खालचा भाग उघडा असता तर हा विषय मनातसुद्धा आणला नसता.

रवि. ५ जुलै
लिहिलं. ‘बेंदराची मिरवणूक आमच्या आळीत का येत नाही?’ आठच ओळी. कुणाला दोष नाही, टोमणा नाही, नुसता प्रश्न. खाली नाव.
 तात्या आले, चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. “व्हय,” एवढंच म्हणाले आणि ऊस बघायला गेले. याचा अर्थ काय लावायचा?
आबांनी जेवताना विषय काढला. “बेंदूर आपला न्हवं म्हनलो हुतो.”
“बेंदूर नसेल आपला. रस्ता आहे की.”
त्यावर आबांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, “ठेचा वाढ.”

मंगळ. ७ जुलै. बेंदूर
हे नीट लिहायला हवं.
दुपारी हलगी वाजली, वाचनालयाच्या पायरीवर उभी राहिले. बैल आले. शिंगांना हिंगूळ, बेगडं, पाठीवर झुली. अंगावर रंगानं दरसाल काहीतरी लिहितात, ‘जय जवान’, ‘बागायतदार’, नाहीतर एखाद्या नटाचं नाव. यंदा पहिला बैल तात्यांच्या पुतण्याचा, आणि पोटावर ठळक : ‘फळा मोकळा करा’. लोक हसून हसून बेजार. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला, त्यांनाही हसू दाबता येईना. मागचा बैल : ‘आमचं मत आमच्या बैलावर’. त्याच्या मागे : ‘आज मी बोलणार’. पांढऱ्या खिलारांवर अक्षर काय उठून दिसतं! फळ्याचा खालचा भाग चार पायांवर गावातून हिंडत होता.
मला धाकधूक, माझ्यावर काय असेल. आणि बघता बघता लक्षात आलं : कुठंच घाण नाही. फळ्यावरचं अक्षर कुणाचं ते वर्षभर कळलं नव्हतं. बैल कुणाचा ते मात्र शेंबड्या पोराला ठाऊक. बैलाच्या अंगावर लिहिलं की मालकाला कासरा धरून त्याच्याबरोबर चालावं लागतं.
मोठ्यानं हसले मी. एकटीच, पायरीवर.
मग जालिंदरचा बैल. हा जालिंदर तरणाताठा शेतकरी, रोज संध्याकाळी फळा वाचायचा, पण कधी आत आलेला नाही. बैलावर : ‘रविवारचं वाचलं. रस्ता अरुंद हाय.’
पायरीसमोर येऊन बैल थांबला, का त्यानं थांबवला. 
मी म्हटलं, “उसाची ट्रॉली जाते की तिथून.”
“जाती.”
“मग?”
मागून आरडाओरडा, चला चला. “बैल हुबा ऱ्हाईना. सोमवारी येतो, बाई.”
मिरवणूक लिंबापाशी गेली आणि वळली. काका जोडी घेऊन शेपटाला लागले. त्यांनी आपल्या बैलावर काहीच लिहिलं नव्हतं.

सोम. १३ जुलै
आला. वाटलं नव्हतं.
खुर्चीच्या अगदी कडेला बसला, कुठल्याशा मासिकाची पानं चाळली. मी रजिस्टरात डोकं घातलं. शेवटी त्यानंच तोंड उघडलं.
“रस्त्याचं खोटं लिवलं म्या. बैलाच्या अंगावर मावंल असं तेवडंच सुचलं.”
“खरं काय?”
“खरं मला बी म्हाईत न्हाई. आज्जा वळायचा, बा वळायचा, म्हून म्या वळतो. लिंब आला की बैल आपसूक वळत्यात.”
“बैल वळतात?”
हातातलं मासिक खाली ठेवलं. मग, “न्हाई. कासरा माज्या हातात असतोय.”
मी रजिस्टर बाजूला सारलं. म्हटलं, “हे लिहा.”
“कुटं? खाली तर रंग दिलाय.”
“वर लिहा. येता रविवार तुम्हाला देते.”
बोलून गेले. तो गेल्यावर कळलं काय बोलले. वर्षभर शिव्या खाऊन राखलेला रविवार.

गुरु. १६ जुलै
तात्यांना विचारलं. “रविवार तुजा. तुला द्यायचा तर दे. पर नाव पायजे. बिननावाचं एक अक्षर चढणार न्हाई.” मग हळूच, “काय लिवतोय?”
सांगितलं. तात्यांनी मिशीचं टोक पिळलं. त्यांच्या घरचे बैल सगळ्यात पुढे असतात, म्हणजे लिंबापाशी सगळ्यात आधी तेच वळतात. मला ते आत्ता सुचलं, त्यांना आधीच सुचलं असावं.
“नाव पायजे,” पुन्हा म्हणाले आणि गेले. नको म्हणाले नाहीत.

शनि. १८ जुलै
जालिंदर कागद घेऊन आला. वहीतलं पान, पाच ओळी. कासऱ्याचं तसंच्या तसं लिहिलंय. माझ्या आठ ओळींपेक्षा चांगलं, हे कबूल करायला जड जातंय, पण आहे. खाली नाव नाही.
“नाव?”
“मागनं.”
“मागनं म्हणजे कधी?”
“बैलावर तर कुटं नाव हुतं, तरी गावाला कळलंच की.”
“फळ्याला बैल नाही, जालिंदरभाऊ.”
हसला, पण चेहरा उतरला. घरात बाप आहे, भावकी आहे. दारापाशी जाऊन परत आला. “तुमाला भ्या वाटत न्हाई व्हय, नाव घालताना?”
“वाटायचं. पोटात आग पडायची. खालचे शेरे बंद झाले आणि थांबली.”
“म्हंजे तुमाला खाली कुनी काय लिवत न्हाई, म्हून बरं वाटतं.”
“लई बरं वाटतं,” म्हटलं. “तुम्हालाही कुणी लिहिणार नाही. बोलायचं असेल त्याला तोंडावर येऊन बोलावं लागेल.”
“त्येच तर,” म्हणाला.
खरंच की. माझ्या दाराशी येऊन बोलायची कुणाची हिंमत झाली नाही. त्याला मात्र घरातच बोलणारे आहेत, आणि ते दार वाजवत नाहीत.
“उद्या धार काढून येतो. मग बघू.” मी हो म्हटलं. जबरदस्ती कशी करणार.

रवि. १९ जुलै
फळा लिहिला. वर बातम्या, मध्ये त्याच्या पाच ओळी. शेवटी नावापुरती जागा सोडली, तो आला की स्वतः घालेल म्हणून.
माझा रविवार गेला याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उलट पायरीवर बसून दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायला मजा येतेय. ही वही आज बरोबर आणलीय, इथंच लिहितेय.
लोक जमलेत. आज कुणी तंबाखू मळत नाही. नानाकाका आले, दोनदा वाचलं, डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे राहिले. तात्या लांब टपरीवर, चहा कधीचा गार झालाय.
“बाई, कुनी लिवलंय हे?” एकानं विचारलं. मग दुसऱ्यानं. मोकळ्या जागेकडे बोट करून.
गोठ्यांकडच्या वाटेकडे बघत मी म्हणाले, “धार काढतोय. येईल इतक्यात.”
खडू माझ्या मुठीत घामेजलाय.